उतारावर जड होणारं स्टिअरिंग

ट्रॅक्टरचं पुढचं डावं चाक हवेत होतं. उजवं चाक कडेच्या मातीत रुतलेलं. खाली नाला, त्यात पाणी कमी आणि दगड जास्त. मागची विटांनी भरलेली ट्रॉली रस्त्यात तिरकी अडकली होती, म्हणूनच ट्रॅक्टर अजून वर होता. मी मोटरसायकल लांब उभी केली आणि पहिलं विचारलं, "चालवत कोण होतं?"

"मी," ललिता म्हणाली. तिने हात पदराला पुसले तेव्हा दिसलं, दोन्ही तळवे सोलवटलेले होते.

मी चारोटीला एका ट्रॅक्टर डीलरकडे सर्व्हिस इंजिनियर आहे. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या तक्रारी माझ्याकडे येतात. हा ट्रॅक्टर कॉम्पॅक्ट प्रकारातला, म्हणजे बुटका आणि अरुंद. चिकूच्या वाडीत फांद्यांखालून जावा म्हणून असे ट्रॅक्टर बनवतात. ललिताच्या घरच्यांनी तो कोसबाडकडच्या एका वाडीवाल्याकडून वापरलेला घेतला होता. नवरा उंबरगावला कंपनीत पाळीवर. त्यामुळे आजूबाजूच्या पाड्यांवर नांगरणी, रोटाव्हेटरने माती भुसभुशीत करणं, माल वाहणं, सगळं ललिताच करायची.

तिचे सासरे लखमाकाका बाजूला उभे होते. चेहरा उतरलेला, पण आवाज चढलेला.

"मी बोललो होतो, बाईच्या हातचं काम नाय हे. आता पुरे. ट्रॅक्टर विकून टाकू."

"बाबा, स्टिअरिंग फिरलंच नाही. दगडासारखं जड झालं."

"तुझे हात कमी पडले."

आम्ही दुसरा ट्रॅक्टर बोलावून हा मागे ओढून घेतला आणि टेम्पोत घालून चारोटीला आणला.

पॉवर स्टिअरिंग कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. इंजिनला एक पंप जोडलेला असतो. तो टाकीतलं ऑइल ओढतो आणि दाबाने पुढे पाठवतो. आपण स्टिअरिंग फिरवून फक्त दिशा सांगतो. चाकं वळवायची ताकद ऑइलची. ऑइल मिळालं नाही तरी स्टिअरिंग फिरतं, पण सगळा जोर अंगाचा लावावा लागतो. भरलेली ट्रॉली मागे असेल तर पहिलवानाचीही दमछाक होते.

वर्कशॉपमध्ये मी नेहमीच्या क्रमाने गेलो. टायरमधली हवा बरोबर. ऑइलची पातळी बरोबर. फिल्टर स्वच्छ. चाकांच्या बेअरिंगमध्ये दोष नाही. प्रेशर गेज लावून पंपाचा दाब पाहिला, तोही व्यवस्थित. इंजिनचा वेग वाढवून पाहिला, स्टिअरिंग एका बोटाने फिरत होतं. फक्त एक टाय रॉड एंड थोडा सैल निघाला. स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या टोकाचा हा सांधा.

आमचे वर्कशॉप मॅनेजर मेहता साहेब मागे येऊन उभे राहिले. रांगेत इतर ट्रॅक्टर होते, त्यांना जागा हवी होती.

"काय सापडलं?"

"टाय रॉड एंड सैल आहे, साहेब."

"झालं मग. बदल आणि डिलिव्हरी दे."

"सांधा सैल असेल तर स्टिअरिंग सैल लागतं. ती जड झालं म्हणतेय. दोन वेगळे आजार आहेत."

"अरे भाई, घाबरलेला माणूस काय पण सांगतो. प्रेशर आलं ना बरोबर?"

"आलं."

"मग गाडीत काही नाही. ड्रायव्हरची चूक."

त्यांनी माझ्यासमोरच लखमाकाकांना फोन लावला आणि तसं सांगून टाकलं. मला ते आवडलं नाही. पण उलट बोलायला हातात पुरावा नव्हता. मी सांधा बदलला.

संध्याकाळी ललिताचा फोन आला.

"साहेब, गाडीत काही नाही असं तुम्ही सांगितलंत?"

"मी नाही सांगितलं. पण तपासणीत काही आलं नाही, हे खरं आहे."

"तपासणी कधी केली?"

"सकाळी."

"सकाळी होतच नाही ते. दुपारपर्यंत रोटाव्हेटर चालवला आणि मग उतारावर आले, की होतं. चढताना नाही. या आधीही झालंय. घरात सांगितलं तर हसले." मग ती म्हणाली, "तुम्ही एकदा त्याच वेळी, त्याच रस्त्याने चालवून बघा. नाही झालं तर मीच म्हणेन, माझे हात कमी पडले. मग विकू दे त्यांना."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. तिने मला दोन गोष्टी दिल्या होत्या: गरम ऑइल आणि उतार. आमच्या वर्कशॉपमध्ये ऑइल थंड होतं आणि फरशी सपाट.

दुसऱ्या दिवशी मेहता साहेबांकडे परवानगी मागितली.

"उतारावर टेस्ट? तुला काही झालं तर?"

"तिला झालं असतं तर, साहेब?"

"रिकामी ट्रॉली घे."

"रिकाम्या ट्रॉलीने होणार नाही."

"मग अर्धी भर. आणि तिकडे हिरोगिरी करू नको."

ट्रॅक्टर परत पाड्यावर नेला आणि पुढच्या दिवशी सकाळपासून ललिताच्या घरच्याच मिरचीच्या रानात मी रोटाव्हेटर चालवला. ऊन चढलं. गिअरबॉक्सच्या खोक्यावर हात ठेवता येईना. या ट्रॅक्टरमध्ये तीच ऑइलची टाकी. मग रोटाव्हेटर काढून ट्रॉली जोडली, अर्ध्या विटा भरल्या. ललिता आणि मी उताराच्या वळणांवर नाल्याच्या बाजूने मोठे दगड लावले. ट्रॉलीत कुणी बसायचं नाही, हे लखमाकाकांना दोनदा बजावलं. ललिता शेवटच्या वळणाच्या खाली जाऊन उभी राहिली, खालून येणाऱ्या गाड्या थांबवायला.

मी लो गिअर टाकला आणि निघालो.

पहिलं वळण सहज गेलं. दुसरंही. मी मुद्दाम स्टिअरिंग थोडं डावीउजवीकडे हलवत होतो. हलकं होतं. खरं सांगायचं तर मनात आलं, बाईच चुकली असेल. तेवढ्यात उतार तीव्र झाला. ट्रॉली मागून ढकलू लागली. अॅक्सिलरेटरवर पाय नव्हता, तरी इंजिनचा आवाज चढत गेला. उतारावर असं होतं, चाकंच इंजिनला फिरवतात.

आणि स्टिअरिंग जड झालं.

हळूहळू नाही, एकदम. कुणी तरी दुसऱ्या बाजूने धरून ठेवल्यासारखं. समोर उजवं वळण होतं आणि ट्रॅक्टर सरळ नाल्याकडे निघाला होता. मी दोन्ही हातांनी लटकून ओढलं. थोडं फिरलं, पुरेसं नाही. खालून ललिता ओरडत होती, शब्द कळत नव्हते. डावं चाक आम्ही लावलेल्या दगडांना घासलं. एक दगड खाली गेला. तो आदळल्याचा आवाज मला नीट ऐकू आला.

मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र दाबले. मागून ट्रॉलीचा धक्का बसला. ट्रॅक्टरचा वेग कमी झाला, त्याबरोबर इंजिनचा आवाज उतरला. आणि त्या क्षणी स्टिअरिंग मोकळं झालं. कापसासारखं हलकं. मी सगळा जोर लावून ओढत होतो, त्यामुळे ट्रॅक्टर गर्रकन उजवीकडे वळला आणि डोंगराच्या बाजूला लाल मातीत नाक खुपसून थांबला.

हँडब्रेक ओढला. लखमाकाका धावत आले. ललिता खालून वर आली, धापा टाकत.

"झालं ना?" तिने विचारलं.

"झालं."

मी खाली उतरलो, पण इंजिन बंद केलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पंप कमजोर असेल तर इंजिन हळू असताना स्टिअरिंग जड होतं आणि वाढवल्यावर हलकं. इथे उलट झालं होतं. इंजिन चढलं की जड, उतरलं की हलकं. म्हणजे पंपात ताकद होती, पण तो जितक्या जोराने ओढत होता तितकं ऑइल त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. दोष पंपाच्या पुढे नव्हता, मागे होता. टाकीतून पंपाकडे ऑइल नेणाऱ्या सक्शन पाइपमध्ये.

चाकांना दगड लावले. ट्रॅक्टर न्यूट्रलला घेतला.

"ललिताताई, वर बसा. मी सांगेन तशी हळूहळू रेस वाढवा."

तिने मागे वळून सासऱ्यांकडे पाहिलंही नाही. चढून बसली. मी बाजूने वाकलो आणि टॉर्चचा उजेड पाइपवर टाकला. वरून तो काळा रबरी पाइप अगदी धडधाकट दिसत होता.

"वाढवा. अजून. अजून."

पाइपच्या मधल्या बाकात खळगा पडला. मग तो आत आत जात राहिला आणि पाइप चपटा झाला. कागदी स्ट्रॉने घट्ट लस्सी ओढायला जावं आणि स्ट्रॉच चिकटून बसावी, तसा.

"आता कमी करा."

पाइप परत गोल झाला, जणू काही घडलंच नाही.

सक्शन पाइपच्या आत तारेचं वेटोळं असतं. पंपाने कितीही ओढलं तरी पाइप मिटू नये म्हणून. या पाइपमध्ये तार नव्हती. आधी कुणी तरी गळती थांबवायला पाण्याचा साधा पाइप कापून बसवला होता. थंड असताना तो कडक राहायचा, म्हणून आमच्या गेजवर सगळं ठीक दिसलं. गरम ऑइलने तो मऊ पडायचा, आणि उतारावर इंजिन चढलं की मिटायचा. हे काम कुणाचं, ते आता कळणार नव्हतं. कोसबाडहून ट्रॅक्टर आला तेव्हाच तो पाइप त्यात होता.

मी लखमाकाकांना जवळ बोलावलं आणि ललिताला पुन्हा रेस वाढवायला सांगितली. ते गुडघ्यांवर हात टेकून वाकले. पाइप चपटा होताना त्यांनी पाहिला, गोल होताना पाहिला. परत दाखवायला सांगितलं. मग सरळ होत म्हणाले, "हे मला कोणीच कसं नाय सांगितलं?"

"सांगितलं होतं," ललिता वरूनच म्हणाली. "मी."

काकांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि ते रस्त्याच्या कडेला बसले.

मी मेहता साहेबांना फोन केला. काय सापडलं ते ऐकून ते म्हणाले, "चांगलं झालं. योग्य पाइप घेऊन जा."

"साहेब, काका इथेच आहेत. पहिला फोन तुम्ही केला होता."

मग ते म्हणाले, "दे त्यांना."

ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. काकांनी ऐकून घेतलं, दोनदा "बरं, बरं" म्हटलं आणि फोन परत दिला.

योग्य पाइप बसवल्यावर आम्ही पुन्हा तशीच टेस्ट घेतली. दुपारपर्यंत रानात काम, मग तोच उतार. या वेळी ललिता चालवत होती, कारण रस्ता तिचा रोजचा. मी आधी अर्ध्या ट्रॉलीने एकदा उतरून खात्री केली होती. ती तीव्र उतारावर आली. इंजिन चढलं. वळण आलं. ट्रॅक्टर निमूट वळला. काका ट्रॉलीच्या मागे चालत होते. ट्रॅक्टर विकण्याची गोष्ट त्यानंतर निघाली नाही. पुढच्या सर्व्हिसला ललिताच तो चारोटीला चालवत घेऊन आली आणि सैल क्लचची तक्रार सांगून गेली. क्लच खरंच सैल होता.

तेव्हापासून आमच्या वर्कशॉपमध्ये मी नव्या मेकॅनिकना एक सांगतो. दोष सापडला नाही तर "सापडला नाही" म्हणा. "दोष नाही" म्हणू नका. पहिल्यात आपल्याला पुन्हा शोधावं लागतं, दुसऱ्यात कुणाला तरी नाल्यात उतरावं लागतं.