समुद्र पाह्यलेला माणूस

बोरखेडीत वामनराव तीन. एक पिठाच्या चक्कीचे, एक लंगडे आणि एक समुद्रवाले. राळेगावहून येणाऱ्या एसटीतून उतरून कुणी नुसतं वामनरावांचं घर विचारलं, तर पहिला उलटा प्रश्न येतो, "समुद्रवाल्याचं का?"

या समुद्रवाल्यांची इस्टेट म्हणजे नऊ एकर कापूस-तूर, दोन म्हशी आणि एक गोष्ट. म्हशी बदलल्या, बियाणं बदललं, गोष्ट तीच राहिली. बाविसाव्या वर्षी बापाशी भांडून वामनराव मुंबईला गेले आणि अकरा दिवसांनी नवा सदरा घालून परत आले. एसटीतून उतरल्या उतरल्या कुणीतरी विचारलं, "समुद्र पाह्यला का बे?"

"पाह्यला ना," वामनराव म्हणाले.

दोन शब्द. पण त्या दोन शब्दांना चाळीस वर्षांत डवरणी, खत, पाणी सगळं मिळालं आणि त्यांचं रान झालं. निळं पाणी, चांदीसारखी वाळू, पल्ल्याड काठच नाही. खरं सांगायचं तर समुद्र त्यांनी पाहिलाच नव्हता. निळं पाणी होतं न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरचं, आणि बाकी सगळं बेंबळा धरणाचं, जरा ताणून.

गोष्ट इथंवरच असती तर गावात असे गप्पिष्ट पुष्कळ. पण कळंबला मुलगी पाहायला गेले, तेव्हा मुलीच्या बापानं, किसनरावांनी शेत विचारलं, विहीर विचारली, भाऊबंद विचारले आणि शेवटी म्हणाले, "पोरगं मुंबईले जाऊन आलं म्हंते. काय पाह्यलं?" वामनरावांनी समुद्र सांगितला. तेवढ्यात पडद्यामागून बारीक आवाज आला, "खरंच पल्ल्याड दिसत नाई का जी?" बैठकीतले म्हातारे हसले. वामनराव पडद्याकडं तोंड करून म्हणाले, "नाई दिसत. तुले दाखवीन."

पडद्यामागच्या त्या भागीरथानं त्याआधी दोन स्थळं नाकारली होती. एकाला बावीस एकर होते.

आता एवढं झाल्यावर माणूस मागं कसा फिरणार? वामनराव फिरले नाहीत. दरवर्षी समुद्र पुढच्या वर्षावर जात राहिला. भागीरथाबाईंनी कधी तगादा लावला नाही. बायांमध्ये बसल्या की मात्र म्हणायच्या, "आमच्या यायनं पाह्यला हाय." त्या म्हणण्यात जी ऐट असायची, ती ऐकली की वामनराव म्हशींकडं बघायला उठायचे.

यंदा आषाढ सरत आला, दुसरं निंदण आटोपलं, युरिया देऊन झाला, आणि मुलगा नयन एका संध्याकाळी मोबाइल पुढं धरून म्हणाला, "बाबा, कोकणातलं हाटेल बुक केलं. समुद्राच्या अगदी तोंडावर. चार दिवस."

"पावसायात? लेका, याड लागलं का?"

"म्हणूनच तर अर्ध्यात भेटून राह्यलं. ऑफ-सीझन हाय."

वामनरावांनी जमेल ते सगळं करून पाहिलं. म्हैस व्याला आली. बोंडअळीचं भेव आहे. गुडघा दुखतो. भागीरथाबाई लुगड्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हैस शेजारचा घनश्याम पाहीन. गुडघा संग घेऊन चाला. चाळीस वर्सं ऐकून राह्यली, आता दाखवा."

वर्ध्याहून रेल्वे, पुढं भाड्याची गाडी. घाट उतरताना नात खुशी सगळ्यांना सांगत होती, "आता आबाजी सांगतीन तसा दिसन." सून निकितानं मोबाइल सरसावला होता. वामनराव डोळे मिटून बसले होते. लोकांना वाटलं, गाडी लागली.

बावीस खोल्यांचं हॉटेल, पाहुणे म्हणून हे पाच जण. पोहण्याच्या तलावावर ताडपत्री, छत्र्या दोरीनं बांधून भिंतीला टेकवलेल्या, मेनूकार्ड चार पानांचं आणि आतमध्ये वरण-भात, बटाट्याची भाजी नि कांदाभजी. मॅनेजरला मात्र माणसं पाहून एवढा आनंद झाला, की त्यानं दोन खोल्यांच्या जागी तीन उघडून दिल्या. "घ्या हो काका, नाहीतरी बुरशीच येतेय. तेवढीच हवा लागेल."

मागचं दार उघडलं आणि समोर समुद्र.

तो निळा नव्हता. पुराच्या पाण्यासारखा गढूळ, राखी, आणि गुरगुरत होता. वामनराव उंबऱ्यातच थबकले. एवढा आवाज! चाळीस वर्षं सांगितलेल्या समुद्राला आवाजच नव्हता. धरणाला कुठून असणार? त्यांनी हळूच बायकोकडं पाहिलं. भागीरथाबाई दोन्ही हातांनी पदर गच्च धरून उभ्या होत्या, तोंड उघडं.

"आबाजी," खुशी म्हणाली, "तुम्ही तं निया म्हटलता."

"ऑफ-सीझन हाय ना बाप्पा," वामनराव म्हणाले. "हाटेलाचा कसा रंग उडाला? तसाच त्याचा बी उडते. दिवाळीनंतर येते निया."

नयनला ते पटलं. निकितालाही पटलं. भागीरथाबाई कान देऊन लाटा ऐकत होत्या.

पहिले दोन दिवस असे गेले, की नंतर आठवून वामनरावांना स्वतःचंच नवल वाटलं. पाऊस कोसळत होता आणि काम एकही नव्हतं. सकाळी उठून म्हशीखाली बसायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही. भागीरथाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा बसल्या जागी कपात चहा मिळाला. पहिल्या दिवशी त्या कप विसळायला आत गेल्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा कप मागितला. खुशी आणि आजी व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर बसून पावसाला शिव्या देत होत्या, आणि वामनराव दर तासाला एक भरवशाची माहिती पुरवत होते. समुद्र कायले गुरगुरते, खारा काहून असते, मासे झोपतात कवा. लबाडी एकदा रुळावर बसली की तिला धक्का द्यावा लागत नाही.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. लख्ख, धुतल्यासारखं. पाणी दूर हटलेलं, पुढं हीऽ लांब वाळू. आता दोन दिवसांचे दमट, कुबट कपडे आणि समोर वाळूत ऊन, असं असताना बोरखेडीची बाई हात बांधून बसेल का? भागीरथाबाईंनी सगळ्यांचे कपडे न्हाणीघरात आपटून धुतले. अंगावरचे तेवढे सोडले. नदीवर वाळत घालतात तसे नेऊन वाळूवर पसरायला निघाल्या, आणि दोन पावलांवर थांबल्या.

"अवो, पाणी इथवर येते का जी?"

समुद्र पाहिलेल्या माणसाला विचारला होता प्रश्न. वामनरावांनी डोळ्यावर हात धरून पाण्याकडं पाहिलं. पाणी एका शेताइतकं लांब होतं. वर आभाळात ढग नाही. नदी चढायची तर वर कुठं तरी पाऊस पाहिजे, एवढं कास्तकाराला कळतं.

"हॅट! कायले येते? पाऊसच नाई तं पूर कुठून येईन? बिनघोर टाक."

दोन लुगडी, तीन धोतरं, नयनच्या पँटी, निकिताचे ड्रेस, खुशीचे फ्रॉक, सगळं ओळीनं पसरलं. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. मग मंडळी आत येऊन गरम भज्यांवर बसली.

बाराच्या सुमाराला मॅनेजर ओरडत आला, "अहो काका, ते कपडे कुणाचे? अमावास्येचं उधाण आहे आज!"

धावत बाहेर येऊन पाहतात तर वाळूच नव्हती. पाणी हॉटेलच्या कुंपणाच्या बुटक्या भिंतीला येऊन थडकत होतं. लुगडी नाचत होती. एक धोतर आत जात होतं, परत येत होतं, पुन्हा जात होतं, जसं काही कुणी आत ओढणारा होता नि बाहेर ओढणारा होता. नयन पायऱ्या उतरू लागला तसा मॅनेजरनं त्याला दंडाला धरलं. "पाण्यात कुणी उतरायचं नाही. कपडे गेले तर गेले." मग बांबू आला, बांबूला आकडा बांधला, नि सगळे भिंतीवर पालथे पडून मासे धरावे तसे कपडे धरू लागले. एक फ्रॉक मिळाला. एक पँट मिळाली. भागीरथाबाईंचं हिरवं लुगडं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाटेवर बसून निघून गेलं. निकिताला हसू आवरेना, तिचं पाहून खुशीला.

मॅनेजर घाम पुसत म्हणाला, "भरती-ओहोटी माहीत नाही म्हणजे कमाल झाली. समुद्र पहिल्यांदाच बघताय वाटतं?"

खुशीचं हसू खटकन थांबलं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माह्या आबाजीनं चाळीस वर्साआंधी पाह्यला. तुमी जलमले बी नसान तवा. आमच्या गावात कोणालेबी इचारा."

तिचा आवाज रडवेला झाला होता. मॅनेजर वरमला. "बरं बाई, चुकलं माझं."

वामनरावांना वाटलं, धोतरासारखं आपणही जावं त्या पाण्यात. गावानं विचारलं असतं तर अजून चाळीस वर्षं खोटं रेटलं असतं. पण ही नऊ वर्षांची पोट्टी आपल्या लबाडीसाठी परक्या माणसाशी भांडून राह्यली. ते भिंतीवरून उठले, ओल्या बंडीनंच.

"खुशे, त्याचं काई चुकलं नाई. मी नाई पाह्यला समुद्र. कवाच नाई. परवा पाह्यला, तुमच्यासंगं."

लाट आली, फुटली, गेली. नयन बापाकडं पाहत होता, निकिता पायाच्या अंगठ्याकडं. भागीरथाबाई वळल्या आणि व्हरांड्यात जाऊन झोपाळ्यावर बसल्या.

वामनराव मागोमाग गेले. झोपाळ्यावर जागा होती, पण बसायची हिंमत झाली नाही. खांबाला धरून उभे राहिले.

"मंग अकरा दिवस कुठं होते?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"बडनेऱ्याले."

"बडनेऱ्याले? हे वर्ध्याहून दोन तासावर?"

"पानी प्याले उतरलो स्टेशनवर. गाडी निंगून गेली. थैली गाडीत, टिकीट थैलीत."

भागीरथाबाईंचे खांदे हलू लागले. वामनरावांना वाटलं रडतेय, ते घाबरून पुढं झाले. पण ते हसू होतं. पोटातून येत होतं, थांबवता थांबत नव्हतं. "माय व माय! बावीस एकराचं स्थळ सोडलं म्या, बडनेरा पाह्यलेल्या माणसासाठी!" त्यांनी पदरानं डोळे पुसले. "परवाच समजलं होतं मले थोडं. एवढा गाजून राह्यला हा, आन् तुमी कवा आवाज सांगतला नाई त्याचा. माणूस रंग भुलन, आवाज कसा भुलते?"

"रागावली का व?"

"रागावन ना. घरी गेल्यावर. इथं चार दिवसाचं भाडं देल्लं पोरानं, ते कायले वाया घालवू?" त्या सरकल्या. "बसा."

वामनराव बसले. झोपाळा करकरला. समोर समुद्र अजून भिंतीवर धडका देत होता. ते नुसते पाहत राहिले. कुणाला काही समजावून सांगायचं नव्हतं, तेव्हा तो फारच मोठा दिसू लागला.

एव्हाना बाकीचे आले. खुशी फुरंगटून आजीच्या मांडीवर बसली आणि आजोबांकडं पाठ केली. मॅनेजरनं भज्यांची दुसरी ताटली आणली आणि कोरडे कपडे नसलेल्या पाहुण्यांसाठी हॉटेलचे पांढरे टॉवेल. वामनरावांनी एक कमरेला गुंडाळला, एक खांद्यावर घेतला.

"बडनेऱ्याचं सांगा ना मंग," खुशी पाठमोरीच म्हणाली. "पण खरं सांगा."

चाळीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. सुरुवात कुठून करावी ते कळेना. सवयीनं निळ्या रंगावर आले आणि थांबले. मग त्यांनी स्टेशन सांगितलं. संत्र्याच्या पेट्या सांगितल्या, रोज दोनशे पेट्यांना खिळे ठोकायचे ते सांगितलं, खिळ्यानं फाटलेला सदरा आणि शेवटच्या दिवशी मजुरीतून घेतलेला नवा सांगितला. नयन जवळ सरकला. खुशी हळूहळू वळली.

"आन् जेवत काय होते आबाजी?"

"जेवणाची कमी नव्हती बावा. पेट्यांवर रुक्माबाई म्हणून एक होती. रोज माह्यासाठी झुणका-भाकर बांधून आणे. म्हणे, उपाशी नोको राहू."

झोपाळा थांबला. भागीरथाबाईंनी पाय जमिनीला टेकवला होता.

"रुक्माबाई?" त्या म्हणाल्या. "किती वर्साची होती जी?"

वामनरावांनी समुद्राकडं पाहिलं. तिकडून काही मदत मिळेल असं दिसत नव्हतं.