बावीसचे चौदा

रजनीकाकूंवर मी आजवर तीन पत्रकं लिहिली. तिन्हीत त्या ‘अन्यायग्रस्त रुग्ण’ होत्या आणि अन्याय करणारी फक्त कंपनी होती. ते अर्धंच खरं होतं.

काकू मूळच्या सांगलीच्या. सुधाकरकाकांची बँकेत बदली झाली म्हणून चाळीस वर्षांपूर्वी कलकत्त्याला आल्या. काका निवृत्त झाले, नंतर गेले. काकू बेहालाच्या दोन खोल्यांतच राहिल्या. साड्यांना फॉल-पिको करून देतात. डोळे अधू झालेत. सुई ओवायला शेजारीण लागते, पण फॉल असा सरळ लावतात की बंगाली बायका गरियाहाटहून साड्या घेऊन येतात.

एकोणीस वर्षं त्या एकच इन्सुलिन घेत होत्या, एकाच पेनातून. सकाळी बावीस युनिट, रात्री बारा. पेनावरचा आकडा त्यांना दिसत नाही. टोक फिरवलं की टकटक आवाज होतो, तो मोजायचा. बावीस टकटक म्हणजे बावीस युनिट.

गेल्या वर्षी औषधवाल्याने सांगितलं, “काकिमा, पेनात घालायची ही इन्सुलिनची काडतुसं आता येणार नाहीत. कंपनीने बंद केली. बाटली मिळेल, सिरिंजने घ्या.”

सिरिंजवरच्या रेघा काकूंना कुठून दिसणार? रुग्णांसाठी भांडणं हे माझं कामच; माझं डोकं फिरलं. ते फिरलं यात काही चूक नव्हती, आजही तसंच फिरेल. मी सह्या गोळा केल्या, सरकारी औषध खात्याला निवेदनं देऊन सुनावणी मागितली, काकूंच्या हातात फलक देऊन फोटो काढले.

मग त्यांचा फोन आला. “चारू, डॉक्टरांनी दुसरं इन्सुलिन लिहून दिलंय. त्याचंही पेन आहे, टकटक वाजणारं. घेऊ ना?”

मी दहावी नापास. औषधांचे कायदे कॉलेज स्ट्रीटच्या जुन्या पुस्तकांतून स्वतः शिकलो, त्यामुळे ‘डॉक्टरांनी सांगितलं’ हे शब्दच मला डिवचतात. मी ओरडलो, “आता? सुनावणी तोंडावर आलीय! तुम्हीच बदललंत तर मी कुणासाठी भांडू? थोडे दिवस काढा की जुन्यावर!”

“बरं,” काकू म्हणाल्या. “काढते.”

किती दिवस आणि कशाने काढणार, हे मी विचारलं नाही. त्यांनी बेहालापासून बजबजपर्यंतची दुकानं धुंडाळून सात काडतुसं जमवली आणि ती पुरवायला घेतली. आमच्या इथल्या मराठी घरांत हे रक्तातच असतं. सांगलीहून कुणी गोडा मसाला आणला की पुढचं माणूस येईपर्यंत तो पुरवायचा, अर्धा चमचा, मग पाव. काकूंनी इन्सुलिनचं तेच केलं. बावीसचे अठरा, अठराचे चौदा. रात्रीचे बाराचे आठ.

त्या वाळत चालल्या होत्या. इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमधल्या सभेत मी काय म्हणालो माहीत आहे? “बघा, लढ्याने माणूस कसा सडपातळ होतो!” लोक हसले. काकूही हसल्या, ब्लाउजचा ढगळ खांदा सावरत.

सुनावणी दोनदा पुढे ढकलली गेली, शेवटी आम्ही सहाजण गेलो. वाटेत काकूंनी पाण्याच्या दोन बाटल्या संपवल्या, तीनदा बाथरूम शोधायला लावलं. “काकू, सहलीला निघालोय का आपण?” मी सगळ्यांसमोर खेकसलो. त्या म्हणाल्या, “घसा कोरडा पडतो रे सारखा.”

समोर बसलेल्या अधिकारी बाई स्वतः डॉक्टर होत्या. त्यांनी निवेदन बाजूला ठेवलं आणि हिंदीत विचारलं, “माताजी, सध्या किती घेता?”

“चौदा आणि आठ.” काकूंच्या आवाजात काटकसरीचा अभिमान होता. “आधी बावीस आणि बारा होतं. अडीच महिने पुरवलं.”

बाईंचं पेन थांबलं. “डोस कमी करायला कुणी सांगितलं?”

काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “कुणी नाही. माझं मीच. हा मुलगा तर रोज म्हणतो, काकू, नवीन घ्या.”

बाईंनी ते लिहून घेतलं. मी, चौकाचौकात माईकशिवाय बोलणारा माणूस, मान खाली घालून टेबलाची कड बघत बसलो. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरेसं होतं.

बाईंनी आम्हाला तिथूनच दवाखान्यात धाडलं. साखर चारशे तीस. पाच दिवस सलाईन, मग तेच दुसरं पेन, जे काकूंना अडीच महिने आधी मिळालं असतं. नव्याचा अंदाज येईना. एकदा साखर इतकी खाली आली की शेजारणीने तोंडात साखर कोंबली. डॉक्टरांनी डोस दोनदा बदलला. माझ्याकडे काकू यातलं काही विचारत नव्हत्या, मला नंतर शेजारणीकडून कळत होतं.

सुनावणीचं टिपण टपालाने आलं. ‘रुग्णाने स्वतःच्या मर्जीने डोस कमी केला.’ कंपनीच्या वकिलाला याहून गोड वाक्य कुठलं मिळणार? पण मला टोचलं ते वेगळंच. साठी उलटलेली बाई सरकारी कागदावर अडाणी ठरली होती, आणि मी शहाणा.

तीन आठवडे तो कागद मी उशाखाली ठेवून झोपलो. मग जाऊन लेखी दिलं: जुनं सोडू नका असं त्यांना मीच सांगितलं होतं, चढ्या आवाजात. अधिकारी बाईंनी वाचलं, शिक्का मारला आणि पुढची फाईल उघडली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथून थेट बेहालाला गेलो. काकू साडीची कड चाचपत होत्या. सगळं सांगितलं. माफीचा शब्द जिभेवर फिरत राहिला, तोही शेवटी निघाला.

काकूंनी हातातली साडी खाली टाकली.

“लिहून दिलंस? मेल्या, जन्मात एकदा सरकारसमोर खोटं बोलले, तेही तुझ्यासाठी. तेवढं तरी राहू द्यायचं होतंस!”

मग बराच वेळ त्यांनी साडी उचलली नाही, आणि मला बसही म्हणाल्या नाहीत.