निहारचं शनिवारचं पोहणं

सर्व संबंधितांस, विशेषतः सिंगापुरातल्या आमच्या सेम्बावांगमधल्या तमाम मराठी आयांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की — आमच्या निहारला पोहता येत नाही.

हसलात ना? हसा. पण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही अर्धंच ठाऊक आहे.

इथे सहावीच्या शेवटी एक परीक्षा असते. पुढे कुठली शाळा मिळणार, ते तीच ठरवते. शाळा म्हणते, ट्यूशनची काही गरज नाही. आणि गणिताच्या पेपरात शेवटी असं उदाहरण येतं, जे वर्गात कुणी शिकवलेलंच नसतं! मग ते सोडवणारी पोरं कुठून येतात — आभाळातून? हे कळलं तेव्हापासून माझा कुणावर विश्वास उरला नाही. ‘आम्ही बाई काही लावलं नाही’ म्हणणाऱ्या आईच्या तोंडाकडे नाही, मी तिच्या पिशवीकडे बघायचे. कंपासपेटी डोकावतेय का?

स्वतः मी काय केलं? शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला, गणिताची ट्यूशन घेणाऱ्या एक बाई गाठल्या. मुद्दाम इतक्या लांबच्या — ओळखीचं कोणी भेटायला नको. दर शनिवारी निहारच्या खांद्यावर पोहण्याची बॅग, आत गणित. परतताना एमआरटी स्टेशनात नळाखाली टॉवेल भिजवायचा, पिळायचा, आणि लिफ्टमधून तो मिरवत घरी यायचं. रंगभूमी एका मोठ्या नटीला मुकली, दुसरं काय!

आणि मग — इथे माझी जीभ अडते — समोरच्या फ्लॅटमधली वैशाली. नागपूरहून नुकतीच आलेली. तिची सई निहारच्याच वर्गात. एकदा दारातच उभी राहून म्हणाली, “ताई, सईला ट्यूशन लावू का? तुम्ही सांगाल तसं करते.”

बेडोकच्या बाईंकडे एक जागा रिकामी होती. मला माहीत होतं. सई निहारपेक्षा हुशार होती — तेही माहीत होतं. मी छान हसले. म्हटलं, पोरांचं बालपण कशाला नासवायचं गं? आमचा बघ, मस्त पोहतो.

निकाल लागला. निहारला हवी ती शाळा मिळाली, सईला नाही. वैशाली पेढे मागायला आली आणि माझ्यादेखत लेकीला सुनावत राहिली — बघ, ट्यूशनशिवाय! शीक काहीतरी. मी मध्ये पडले नाही. पेढ्यांचा डबा पुढे केला.

या पद्धतीला मी रोज नावं ठेवते, आणि ती त्याच लायकीची आहे. पण त्या दारात खोटं बोलले ती मी.

वैशाली आता धाकट्यासाठीही माझाच सल्ला घेते. म्हणजे सईने तिला अजून सांगितलेलं नाही. हो, सईला माहीत आहे. निकालाच्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. तिची समजूत काढायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ती इथल्या पोरांसारखं शेवटी ‘लाह’ लावून बोलून गेली —

“काकू, टॉवेल ओला असायचा, बट निहारचे केस ऑलवेज ड्राय, लाह.”