बिजागरीतलं पितळ

तापलेल्या पितळेचा वास आला की मला गोंदियातलं ते गॅरेज आठवतं. सातवीत शाळा सुटल्यावर मी तिथं कामाला आलो होतो, आणि साताऱ्याकडच्या घरी परत गेलो तर खाणारं एक तोंड वाढणार होतं. राईसमिलवाल्या शेठजींच्या जुन्या मोटारीचं दार लोंबत होतं, बिजागऱ्यांची भोकं झिजून लांबट झाली होती. "सांजवरी दार बसलं नाही, तं बोऱ्याबिस्तर उचल," गॅरेजचे मालक मिस्त्री म्हणाले. भोकं गोल करून मी मधली फट भरायला बिजागरीच्या खिळीभोवती डब्याचा पत्रा गुंडाळला, पण दाराच्या वजनानं तो चुरगळला. पितळी पत्रा हवा होता आणि माझ्याकडे पितळेचा फक्त आईनं दिलेला तांब्या होता. दिवस कलला तसा मी तोच कापायला घेतला. तेवढ्यात मिस्त्रीणबाई चहा घेऊन आल्या. "मायचा लोटा काऊन कापून रायलास? पाणी कायनं पिशील?" असं म्हणत त्यांनी घरातून पितळी थाळी आणली. "घे, फुटकी हाये." थाळी चांगली धड होती. ती तापवून, कापून मी खिळीवर चढवली आणि दार एका बोटानं बंद झालं. मिस्त्रींनी ते दोनदा उघडून पाहिलं. "उद्या पलीकडचं दार काढ," एवढंच बोलले. आज माझ्या हाताखाली माणसं आहेत, पण कुणाला कामावरून काढतो म्हणायला माझी जीभ रेटत नाही.