कौसाबाईचा हात

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. थोरल्या बहिणीपाशी नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींपाशी नाही. आता तर बोलायला घरात दुसरं माणूसही नाही — टीव्हीशी किती बोलणार? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय. ओळखीचं माणूस लगेच 'जाऊ द्या हो, एवढं काय त्यात' म्हणतं. तेच मला ऐकायचं नाही.

गोष्ट अंड्यांची आहे. हसू आलं ना? येऊ द्या. मलाही वाटायचं की एवढ्याशा गोष्टीचं ओझं कसलं — कोंबडीची अंडी तर होती.

दहा-बारा वर्षं झाली असतील. शहरातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राचं प्रात्यक्षिक शिकवायचे, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी नवी ऑर्डर, आणि ती येईपर्यंत जिवाला घोर. शहराच्या कडेला, पडेगावात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. भिंतीला भिंत लागून कौसाबाईचं घर. नवरा चितेगावला कंपनीत कामाला, तो सकाळी जायचा. मग ती आणि तिच्या कोंबड्या.

आमच्या गल्लीत एक शिरस्ता होता. कुणाची कोंबडी खुडूक झाली, उबवायला बसली, की तिच्याखाली अंडी ठेवायला कौसाबाईला बोलवायचं. तिच्या हाताला यश आहे म्हणायचे. तिनं ठेवलेलं अंडं वाया जात नाही. ती यायची, हातपाय धुवायची, टोपलीतलं भुसकट सारखं करायची आणि एकेक अंडं दोन्ही तळव्यांत धरून आत ठेवायची. नेहमी तेरा. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जो रुबाब यायचा, तो एरवी कधी दिसायचा नाही.

कारण ह्याच बायका डोहाळजेवणाला तिला बोलवत नसत. कौसाबाईला मूल नव्हतं. मलाही कुणी बोलवत नसे. गल्लीत ओटी भरायचा कार्यक्रम असला की आम्ही दोघी तिच्या ओट्यावर शेंगा फोडत बसायचो. मला त्या शहरात दुसरं कुणी नव्हतं — हे तेव्हा कळत नव्हतं, एवढंच.

पिल्लू निघणं न निघणं हातावर नसतं, हे मला ठाऊक होतं. शिकवतच होते मी. अंडं फळलेलं आहे का, ऊब नीट मिळते का, ह्यावर सगळं असतं. पण तिला ते कधी सांगितलं नाही. त्याऐवजी टॉर्च दाखवली. चौथ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याला टॉर्च लावली, की आत लाल शिरांचं जाळं दिसतं, पाय पसरून बसलेल्या कोळ्यासारखं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कौसाबाईनं तोंडावर हात ठेवला. "जीव धरला," म्हणाली. मी तिला सांगितलं, की सगळ्यांत आधी हृदय तयार होतं. दुसऱ्याच दिवशी धडधडायला लागतं, चेहऱ्याचा पत्ता नसतो तेव्हा.

"तोंडाच्या आदी काळीज? बरं केलं देवानं," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ हसत होती.

तेव्हापासून चौथा दिवस माझा. दार लावून आम्ही अंडी तपासायचो. ती त्याला 'म्याडमचा दवाखाना' म्हणायची. आणि तिचा एक नियम होता — जीव धरलेलं अंडं कुणाला द्यायचं नाही. पाहुणा येवो, कुणी येवो.

आता येते त्या गोष्टीवर. येतच होते — रस्ता जरा लांबून काढला.

कॉलेजात तपासणी समिती येणार होती. विभागप्रमुखांना मी मोठ्या तोऱ्यात सांगून बसले, की पिल्लाचं जिवंत धडधडणारं हृदय दाखवते. कॉलेजच्या उबवणपेटीत अंडी लावली. मध्ये दीड दिवस वीज गेली आणि सगळी मेली. समिती दुसऱ्या दिवशी दुपारी. मी घरी आले, तर कौसाबाई टोपलीपाशी माझी वाट बघत होती. पलीकडच्या रुक्मिणीची कोंबडी नि अंडी, बसवली होती कौसाबाईनं आपल्याच घरात. उद्या सकाळी चौथा दिवस.

मागितली असती तर? नसती दिली. म्हणून मी मागितली नाहीत.

सकाळी दार लावलं. टॉर्च लावली. तेराही अंडी जिवंत होती — तेराही. मी पहिलं बाजूला ठेवलं आणि म्हटलं, पोचट आहे, जीव नाही धरला. मग दुसरं. टॉर्च मुद्दाम निमुळत्या टोकाच्या बाजूनं लावायची, म्हणजे नुसता पिवळा उजेड दिसतो. पाचव्याला टॉर्च जरा सरकली. ती वाकून म्हणाली, "म्याडम, मला तर लाल दिसतंय हो."

"सावली आहे ती, कवचाची," मी म्हणाले.

तिनं मान डोलवली. शिकलेलं माणूस सांगतंय म्हणजे तिचेच डोळे चुकले असणार. नऊ अंडी मी पोचट ठरवली. टाकून देते म्हणाले, तर तिनं आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा दिला, वाटेत फुटून घाण नको म्हणून. रिक्षात अंडी कापडातून कोमट लागत होती.

प्रात्यक्षिक छान झालं. कोमट मिठाच्या पाण्यात नखाएवढे जीव, डोळ्याच्या जागी काळा ठिपका, आणि ते लाल टिंब उडतंय. समितीतले एक जण 'वा' म्हणाले आणि चहा कुठं आहे विचारलं. सगळे गेल्यावर मी एकटी उरले. पाणी निवत गेलं, तसं एकेक हृदय मंद होत थांबलं. शेवटचं थांबेपर्यंत मी बघत बसले. का? मलाही माहीत नाही. पुढच्या वर्षीची ऑर्डर मला मिळाली.

राहिलेली चार अंडी फुटली, पिल्लं निघाली. पण तेरातली नऊ पोचट — हे गल्लीभर झालं. पुढची खुडूक कोंबडी दुसऱ्याच बाईनं बसवली. त्याच्या पुढचीही. कौसाबाईनं महिनाभर वाट पाहिली असेल. मग एकदा शेंगा फोडता फोडता स्वतःच्या तळव्यांकडे बघत म्हणाली, "एवढं एक ठिकाण व्हतं म्याडम. तितंबी नाय लागला आता हात."

तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. मी शेंगा फोडत राहिले. वर्षाच्या आत मी शहरात खोली बघितली. कॉलेज जवळ पडतं, असं सगळ्यांना सांगितलं. तिलाही.

तिचा नवरा वारला, तशी ती कन्नडला भावाकडे गेली. मागच्या वर्षी तिचा फोन आला — नंबर कुठून मिळवला कोण जाणे — या म्हणाली, लई दिवस झालं. मी गेले. दोन तास एसटीत ठरवत गेले, आज सांगायचं. तिथं भाच्याच्या बायकोची कोंबडी नेमकी खुडूक झालेली. टोपली तयार, तेरा अंडी काढून ठेवलेली. भाचेसून म्हणाली, "आत्याबाई, ठेवा की तुमी."

कौसाबाईनं दोन्ही हात पदरात घेतले. "माझा हात नको. म्याडम ठेवतील."

आणि मी ठेवली. हातपाय धुतले, भुसकट सारखं केलं, तिच्यासारखं एकेक अंडं दोन्ही तळव्यांत धरून. ती शेजारी उभी राहून बघत होती, खुशीत.

तीन आठवड्यांनी फोन आला. "म्याडम, तेराच्या तेरा निघाली! तुमच्या हाताला यश हाय." तिचा आवाज खरोखर आनंदानं भरला होता. पुढच्या खेपेला याल का, विचारलं.

येते, म्हणाले. तेव्हापासून दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा अंडी मीच ठेवली.