कमोडोरची केळी

एव्हरेट पिंडरला एव्हरेट म्हणून हाक मारणारी अख्ख्या गल्लीत एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्याची बायको ओनेलिया. बाकी सगळ्यांचा तो कमोडोर. की वेस्ट बेटावर माणसाचं खरं नाव कळतं ते थडग्यावरच्या दगडावर, आणि कधीकधी तिथेही नाही. तोवर टोपणनावावर भागतं. कब्रस्तानामागच्या त्या गल्लीत एक ‘खेकडा’ होता, एक ‘अर्धा पाव’ होता, आणि दोन सख्खे भाऊ ‘गंज’ आणि ‘थोडा गंज’ या नावांनी सुखाने नांदत होते. त्या मानाने कमोडोर, म्हणजे आरमारातला वरचा अधिकारी, हे भारदस्तच. हे नाव लोकांनी चेष्टेने ठेवलं असावं, अशी शंका एव्हरेटच्या मनाला कधी शिवली नाही.

त्याची सगळी नोकरी विजेच्या खांबांवर गेली. वादळ ओसरलं की सगळ्यांच्या आधी हा खांबावर चढलेला असायचा, आणि त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्याबद्दल तो अवाक्षर काढत नसे. बोलायचा ते समुद्राबद्दल. पणजा बहामाहून आलेला, खडकावर आपटलेल्या जहाजांतला माल बाहेर काढणारा. आजा कासवं धरायचा, बाप स्पंज काढायचा. “समुद्र आमच्या रक्तात आहे,” असं तो रस्त्याकडे उघडणाऱ्या कॉफीच्या खिडकीपाशी उभा राहून सांगायचा. रक्तात असेलही. पोटात मात्र नव्हता. बंदरात दोरीने बांधून ठेवलेल्या होडीत नुसता पाय टाकला तरी त्याला ढवळून यायचं. पिंडरांच्या घरात असा पुरुष कधी जन्मला नव्हता, आणि ही गोष्ट आपल्याखेरीज कुणालाही ठाऊक नाही, असा त्याचा पक्का समज होता.

त्याच कॉफीच्या खिडकीपाशी रोज सकाळी कुणी ना कुणी पाहुणा टॉर्टुगासच्या बेटांची चौकशी करायचा. सत्तर मैल पश्चिमेला भर समुद्रात ते राष्ट्रीय उद्यान, त्यात तो लाल विटांचा किल्ला. एका दिवसात जाऊन यायचं तर कसं करावं? लोक कमोडोरकडे बोट दाखवायचे. मग कमोडोर घोटभर कॉफी एका दमात संपवून सुरू व्हायचा. पाणी घरून न्या, तिथे थेंब मिळणार नाही. खायचं घरून न्या, दुकान नाही. फोन लागत नाही, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा. इथवर सगळं ठीक असायचं. पुढे मात्र गाडी दुसऱ्याच रुळावर जायची. बोटीत मागे बसा, मधोमध बसा. खाली बघू नका, लांब क्षितिजाकडे बघा. निघण्याआधी तळलेलं खाऊ नका. आल्याचा तुकडा गालात धरा. पाहुणे भराभर लिहून घ्यायचे, आणि खिडकीतली बाई दूध ओतताना तोंड फिरवून हसायची.

तो स्वतः किल्ल्यावर किती वेळा गेला, हे कुणी विचारत नसे. गावातला चांगुलपणा म्हणायचा.

घरात मात्र ओनेलिया होती. तिचा बाप कोळी. भाऊ रिगो सात वर्षांचा झाला तेव्हा बापाने त्याला किल्ल्यावर नेलं. ओनेलिया त्याच्याहून मोठी, पण पोरींना बोटीवर घेत नाहीत म्हणून ती धक्क्यावर उभी राहिली. रिगो परत आला तो काळ्या पाठीच्या समुद्रपाखरांच्या गोष्टी सांगत, एवढी पाखरं की आभाळ दिसत नाही म्हणे. ओनेलियाने त्या रात्री त्याच्याशी अबोला धरला. पुढे एव्हरेट तिच्या दारावरून फेऱ्या मारू लागला तेव्हा तिने त्याला ही गोष्ट सांगितली, आणि ऐन तारुण्याच्या भरात तो बोलून गेला, “त्यात काय, मी नेईन तुला.” लग्नाला ती हो म्हणाली ती बरीचशी या वाक्यावर.

तेव्हापासून दर वसंतात पिंडरांच्या जेवणाच्या टेबलावर समुद्राचा नकाशा अंथरला जायचा. चार कोपऱ्यांवर तिखट सॉसच्या बाटल्या. एव्हरेट चष्मा कपाळावर चढवून वारा, भरती, उथळ जागा सगळं समजावून सांगायचा, आणि बेत इतका चोख व्हायचा की ऐकणाऱ्याने उठून टोपी शोधावी. मग ऐन वेळी माशी शिंकायची. एकदा उत्तरेचा वारा उठला. एकदा दूर कुठेतरी वादळ जन्मलं, अजून त्याचं बारसंही व्हायचं होतं, पण एव्हरेटने खिडक्यांना फळ्या ठोकायला घेतल्या. एका वर्षी नेमका शुक्रवार आला, आणि शुक्रवारी शहाणा माणूस नांगर उचलत नाही. शुक्रवार त्यानेच निवडला होता, ते सोडा. फेरीबोट रोज जात होती, पण ओनेलिया म्हणायची, “फेरीवाल्याने नाही कबूल केलं मला. तू केलंस.” आणि नकाशाची घडी घालून ठेवायची.

यंदा मात्र रिगोने आपली मासेमारीची बोट विकली. गुडघे गेले होते, लेक त्याला उत्तरेला ओकाला गावी बोलवत होती, आणि तिथे घोडे आहेत, समुद्र नाही. बोट नव्या मालकाच्या हवाली करायच्या आधी तो बहिणीच्या घरी आला आणि म्हणाला की मंगळवारी आपण तिघं किल्ल्यावर जाऊ, वारा पडलेला आहे. एव्हरेटने नकाशा काढायला हात लांबवला, तर रिगोने तो हात टेबलावरच दाबून धरला. “बब्बा,” तो म्हणाला, बेटावर भावाला आणि मित्राला अशीच हाक मारतात, “नकाशा राहू दे. मला रस्ता माहितीय.”

एव्हरेटच्या पोटात तिथेच, कोरड्या जमिनीवर, गोळा आला. ओनेलिया कधी नव्हे ती गुणगुणत भांडी घासत होती. ते ऐकून त्याला आणखीच वाईट वाटलं. नेईन म्हणालेला माणूस बोटीच्या कठड्यावर ओणवा पडलेला तिने बघायचा, तोही तिच्या भावासमोर, ही कल्पना त्याला सहन होईना.

मग त्याला केळी आठवली.

केळं अपशकुनी, म्हणून आमच्या बेटावर कुठलाच कोळी ते बोटीवर येऊ देत नाही, पण रिगोचा कडकपणा त्याही पलीकडचा. नवं गिऱ्हाईक आलं की आधी पिशवी उघडून दाखवायची. एका पाहुण्याच्या शर्टावर केळ्याचं चित्र होतं, तर त्याला तो उलटा घालायला लावला होता. केळं धक्क्यावर सापडलं तर बोट सुटायची नाही, भर समुद्रात सापडलं तर बोट माघारी. पाण्यात फेकूनही चालायचं नाही, कारण फेकलेलं केळं बोटीच्या मागे लागतं, असं त्याचा बाप सांगायचा. एव्हरेटच्या परसात वेलची केळ्यांसारखी इवली केळी पिकली होती. मंगळवारी पहाटे त्याने फणी तोडली, खाण्याच्या टोपलीत अगदी वर ठेवली, आणि ओनेलियाला दिसू नये म्हणून त्यावर रुमाल पसरला. रिगो धक्क्यावर रुमाल उचलेल, आरडाओरडा करेल, बेत मोडेल, आणि दोष जाईल केळ्यांवर. बेत नेहमीसारखाच चोख होता.

धक्क्यावर रिगोने टोपली घेतली आणि सरळ आत ठेवून दिली.

“बघायची नाही का उघडून?” एव्हरेटने विचारलं.

“ओनेलियाने भरलीय ना? मग काय बघायचंय?”

“तरी आपलं, नियम म्हणजे नियम.”

“बहिणीची टोपली तपासू? बस गप मागे.”

एव्हरेट मागे बसला, मधोमध बसला. क्षितिजाकडे बघितलं. आल्याचा तुकडा गालात धरला. ज्या सल्ल्यावर शेकडो पाहुणे सुखरूप जाऊन आले होते त्याने कमोडोरला वाटेतली मार्केसासची बेटंही धड गाठू दिली नाहीत. त्यापुढे रिबेकाचा उथळ भाग लागतो, आणि रिबेका त्या दिवशी रुसलेली होती. एव्हरेट बादली मांडीत घेऊन बसला. आपण तळातली वाळू बघतोय असं त्याने एकदा सांगून पाहिलं, पण बादलीला कुठली आली वाळू. ओनेलिया उठली, आणि याला चघळायला कोरडं बिस्कीट द्यावं म्हणून तिने टोपलीवरचा रुमाल उचलला.

इंजिन बंद पडल्यासारखं शांत झालं. रिगोनेच त्याचा जोर कमी केला होता. तो केळ्यांकडे बघत होता, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग त्याने सुकाणू फिरवायला घेतलं.

ओनेलियाने आपल्या परसातली केळी ओळखली. पश्चिमेकडे एकदा बघितलं आणि खाली बसली. सात वर्षांच्या रिगोला घेऊन बोट निघाली होती तेव्हा धक्क्यावरच्या पोरीचा चेहरा कसा असेल, ते एव्हरेटला त्या घडीला दिसलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. एवढी लाज बादलीचीसुद्धा वाटली नव्हती.

“मी ठेवली,” तो म्हणाला. “आपण निघूच नये म्हणून. मला समुद्र सोसत नाही, रिगो. कधीच सोसला नाही.”

“ते माहितीय,” रिगो म्हणाला. “सगळ्या बेटाला माहितीय. तू केळ्यांचं बोल.”

एव्हरेटला वाटलं होतं, हे वाक्य उच्चारल्यावर निदान आभाळ कोसळेल. ते जागच्या जागी होतं.

“फेकता येत नाहीत?”

“नाही.”

“मग खाल्ली तर?”

रिगोचा हात सुकाणवावर थांबला. त्याने बराच विचार केला. फेकण्याबद्दल, लपवण्याबद्दल, वाटण्याबद्दल बापाने सगळं सांगितलं होतं. खाल्लेल्या केळ्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. शेवटी त्याने निवाडा दिला की पोटात गेलेलं केळं हे केळं राहत नाही, त्याचा माणूस होतो. मात्र एक अट आहे. “ती पोटात राहिली पाहिजेत, बब्बा. बाहेर आली, की पुन्हा बोटीवर केळी आली.”

ओनेलियाने एक केळं तोडायला हात पुढे केला. एव्हरेटने टोपली आपल्याकडे ओढली. “तू नको खाऊ. ही माझी आहेत.”

हिरवट पडलेल्या माणसाने डुलत्या बोटीवर फणीच्या फणी संपवावी, हे दृश्य बघवण्यासारखं नसतं. तरी रिगोने ते बारकाईने बघितलं. सालींचं काय, असं एव्हरेटने तोंड भरलेलं असताना खुणेने विचारलं. सालीला कुणी केळं म्हणत नाही, असं ठरलं, आणि एव्हरेटने साली विजारीच्या खिशात कोंबल्या. मग त्याने दातांवर दात घट्ट आवळले, बादली पायाने दूर सरकवली, आणि जन्मात पहिल्यांदा तो समुद्रावर गप्प बसला. ओनेलियाचा तळवा त्याच्या पाठीवर होता. ती हळूहळू पाठ चोळत होती आणि तोंडाने त्याला मधूनमधून सांगत होती, “दिसला हं किल्ला. लाल आहे. पाखरं पण आहेत, एव्हरेट. रिगो खोटं नव्हता बोलला.” तो मान हलवत नव्हता, कारण हलवणं परवडणारं नव्हतं.

बोट किल्ल्याच्या धक्क्याला लागली. रिगोने आधी उडी मारली, दुखऱ्या गुडघ्याला शिवी दिली आणि बहिणीला हात दिला. ओनेलियाने तो घेतला नाही.

“तू सरक,” ती म्हणाली. “नेईन म्हणाला होता, त्यालाच नेऊ दे.”

एव्हरेट उठला. सालींनी खिसे ओले झाले होते. तो धक्क्यावर चढला, वळला आणि त्याने हात पुढे केला. ओनेलिया तो हात धरून वर आली. ती दोन्ही पायांवर नीट उभी राहीपर्यंत त्याने तो सोडला नाही. त्यानंतर मात्र त्याने घाईघाईने एक कागदी पिशवी मागितली, आणि बोटीवरून उतरलास, आता नियम संपला, हे रिगोने मोठ्या मनाने मान्य केलं.

दुपारी तो किल्ल्याच्या भिंतीच्या सावलीत उताणा पडला होता. ओनेलिया शेजारी बसून पाव खात होती.

“तुला कधीपासून माहीत होतं?” त्याने विचारलं.

“लग्नाच्या आधी तू मला बंदरात होडीतून फिरवलंस ना, तेव्हापासून. अर्धा वेळ काठावर ओणवून मासे बघत होतास.”

“मग इतकी वर्षं काही बोलली नाहीस?”

“वाट बघत होते, एकदा तरी नाही म्हणशील म्हणून. मी फेरीने गेले असते. पण तू आपला दर वर्षी नकाशा अंथरायचास.”

एव्हरेटने खिशातली एक साल काढून बाजूला ठेवली. “मला नाही म्हणायचं नव्हतं गं,” तो म्हणाला. “फक्त जायचं नव्हतं.”

ओनेलिया इतकी हसली की तिला पावाचा ठसका लागला. मग तोंड वळवून तिने डोळे पुसले, त्याच्या तोंडावर त्याची टोपी ठेवली आणि जिना चढून तटावर गेली. थोड्या वेळाने त्याने टोपी बाजूला करून बघितलं. वर पाखरांचा नुसता कालवा चालला होता, आणि त्याखाली त्याची बायको दोन्ही हात वर करून उभी होती, पोरीसारखी. त्यानेही पडल्या पडल्या हात वर केला.

परतीच्या प्रवासाबद्दल काही न बोललेलं बरं.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या खिडकीपाशी रिगोने सगळी हकिगत साग्रसंगीत सांगितली, सालींसकट. त्या दिवसापासून गल्लीत एव्हरेट पिंडरला सगळे ‘केळ्या’ म्हणतात. तो लगेच वळून ओ देतो, आणि पाहुण्यांनी सल्ला विचारला तर आता सुरुवातच पोटापासून करतो. कमोडोर म्हणणारी अख्ख्या गल्लीत एकच व्यक्ती उरली आहे. संध्याकाळी ती ओसरीवर येते आणि जेवायला वाढलंय, म्हणून त्याच नावाने हाक मारते.