पोपटी की राखाडी

उभ्या मुळशी तालुक्यात माझ्या आत्याइतकं चोखंदळ माणूस मिळायचं नाही, आणि हे मी तिचा भाचा म्हणून सांगत नाही. दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्याशिवाय ती कशाचाच निकाल लावत नाही. आंबेमोहोरसुद्धा दोन पातेल्यांत वेगवेगळा शिजवून, डोळे मिटून खाते आणि सांगते, "ह्यो वरच्या खाचरातला." एकदा चुकली होती, तेव्हा चूक भाताची ठरली.

तर कोळवणच्या घरातली पुढची खोली मुलासुनेसाठी रंगवायची निघाली. सून हिंजवडीतल्या कंपनीत; पण काम बहुतेक घरूनच. मुलाने तिकडे फ्लॅट बघून ठेवला होता. दोघं राहणार की जाणार, हे कोणी बोलत नव्हतं आणि आत्याला विचारायचा धीर होत नव्हता. सुनेला आवडला राखाडी, आत्याला पोपटी. झालं! एकाच भिंतीवर अर्धा हा, अर्धा तो लागला आणि वाळल्यावर आत्याने रीतसर बघण्याचा कार्यक्रम ठेवला. शेजारणींना पोहे, दोन्ही रंगांना हळदकुंकू. एकाला लावून दुसऱ्याला तसंच ठेवणं तिच्या तत्त्वात बसत नाही. "पोपटी हसरा हाय," एक शेजारीण म्हणाली. दुसरी म्हणाली, "राखाडी घरंदाज दिसतोय, पन बोलंना."

सून शांतपणे म्हणाली, "आई, तुम्हाला आवडेल तो द्या."

आत्याचा चेहराच उतरला. मला मागच्या पडवीत ओढून म्हणाली, "बघितलंस? जिला ऱ्हायाचं न्हाई ती भिंतीपायी कशाला भांडंल?"

मग तिने रंगाऱ्याला हुकूम सोडला, "चारी भिंती पोपटी. छतबी पोपटी. दारंबी!" सून ऐकून घेत राहिली. ब्रश छताला टेकला तशी मात्र ताडकन उठली. "आई, मला काय जन्मभर पोपटाच्या पिंजऱ्यात बसवणार आहात? छत पांढरं, भिंती राखाडी. मी ऐकणार नाही!"

"काय म्हनलीस?"

"राखाडी."

"त्येच्या आधी."

सून जरा गोंधळली. "जन्मभर..."

"राखाडी लाव रं!" आत्या रंगाऱ्यावर खेकसली आणि पदराने डोळे पुसत चहा टाकायला गेली.

आता येणाऱ्याजाणाऱ्याला ती दारातच थोपवते. "हळू बोला. सून कामावर हाय. लई भांडकुदळ हाय माजी सून!" हा शब्द इतक्या अभिमानाने उच्चारलेला मी दुसरीकडे ऐकला नाही. मला मात्र आत्याचा तेव्हा फार हेवा वाटतो. आमच्या पुण्याच्या घरात सगळेच समजूतदार. मुलं कशावरूनच कधी भांडली नाहीत, आणि आता दोघंही लांब आहेत.